शून्याचा दगड

एप्रिल लागला की रस्त्याने जाताना मला डावीकडे बघायची खोड लागते. एरवी मी समोर बघून गाडी चालवणारी बाई आहे. परभणीहून ताडकळसला शाळेत जायचं, आठवी-नववीच्या पोरांशी गणितावरून डोकं लावायचं आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. पण सकाळची शाळा सुरू झाली, तपासायच्या पेपरांवर घामाचे ठिपके पडायला लागले, फाट्यावर टरबुजांचे ढीग लागले, की माझी मान आपोआप वळते. कडेला एखादा जुना मैलाचा दगड दिसतो का, ते मी शोधत असते. दिसत नाही. रस्ते रुंद झाले, त्यात ते दगड गेले. हे मला चांगलं माहीत आहे आणि तरी मी बघते.

ही खोड मला एका उन्हाळ्याने लावली.

माझे वडील, म्हणजे अप्पा, यांचं झरीला कापडाचं दुकान होतं. लुगडी, धोतरं, शाळेच्या गणवेशाचं कापड. घर लिंगायतांचं, त्यामुळे अंघोळ, लिंगपूजा आणि मगच चहा, हा क्रम आमच्याकडे कधी मोडला नाही. अप्पांचे दोन नाद मात्र या चौकटीत बसणारे नव्हते. एक फटफटी आणि दुसरी सडक. सडक म्हणजे झरीहून जिंतूरला जाणारी. तिला रस्ता म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "खडी टाकली की रस्ता व्हतो," ते म्हणायचे, "झाडं लावली की सडक." ही झाडं निजामाच्या काळात लावलेली. वड, चिंचा, कडुलिंब, दोन्ही बाजूंनी वाढून वर एकमेकांत मिसळलेली. वैशाखात सगळा मुलूख भाजून निघायचा, शेतांकडे बघवायचं नाही, आणि सडकेवर मात्र माठाजवळ बसल्यासारखं गार वाटायचं. चाळीस वर्षं अप्पा जिंतूरच्या बाजाराला मागे कापडाचा गठ्ठा बांधून त्या सावलीतून गेले.

जिंतूरच्या अलीकडे, डाव्या हाताला, एका वडाच्या बुंध्याशी एक दगड होता. निजामाच्या वेळचा. वरची सगळी अक्षरं झिजलेली, फक्त एक वाटोळा आकडा कोरलेला उरला होता. शून्य. आमच्या घरात तो 'शून्याचा दगड'. इथे तालुक्याची शीव, म्हणून इथून मोजणी सुरू व्हायची, असं अप्पांनी सांगितलेलं. ते त्यांना कुणी सांगितलं ते विचारायची सोय नव्हती. दहावीच्या सुट्टीत त्यांनी मला याच दगडापाशी फटफटी शिकवली. "शून्यापसून सुरू कर," म्हणाले. परकर-पोलक्यातून नुकतीच सलवार-कमीजमध्ये आलेली पोरगी फटफटीवर बसलेली बघून बाजारकरी बैलगाड्या थांबवून उभे राहिले होते. अप्पांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि मला क्लच सोडायला सांगितला. पुढे घरात कशाचीही सुरुवात करायची झाली की आम्ही म्हणायचो, चला, शून्याच्या दगडापासून.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टी लागताच माहेरी गेले, तर अप्पा ओसरीवर एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे काहीतरी काढत बसले होते. पत्रिका डोळ्यांसमोर अगदी नाकाशी धरलेली. सडकेचा नकाशा होता तो. मोठी झाडं, नाले, चहाची ठिकाणं, शून्याचा दगड, जिंतूर आणि शेवटी येलदरीचं धरण.

"नंबर पडले झाडाला," मान वर न करता ते म्हणाले.

सडक रुंद होणार होती. दुकानात आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं की बुंध्यांची साल तासून लाल रंगाने आकडे घातलेत. एवढं मोजूनमापून घातलेला आकडा कशासाठी असतो, ते सगळ्यांना कळत होतं.

"चाळीस वर्सं गेलो त्या सडकंनं. पण मागं गठ्ठा न बांधता, नुस्तं बघायला म्हणून कवाच गेलो न्हाई," अप्पा म्हणाले. "बसव जयंतीच्या आत जाऊ. तू मागं बस. मी चालवतो."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आईने ऐकलं होतं.

मी खुळ्यासारखी खूश झाले. बापलेकीची सहल, गार सडक, धरणाचं पाणी. काय घ्यायचं याची यादी मीच सांगायला लागले. पन्हं, ओले रुमाल, खिशात कांदा, गुळाचे खडे. पत्रिकेच्या कोपऱ्यात अप्पा ते लिहीत गेले आणि ओळ कडेवरून घसरून त्यांच्या मांडीवरच्या धोतरावर गेली. पेन धोतरावर चालत होता. त्यांना ते कळलं नाही. मी हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची पूजा बघत बसले. लहानपणापासून बघत आलेली. भस्म लावून, डावा हात डोळ्यांसमोर धरून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून त्याच्यावर नजर लावायची. बेलाचं ताट उजव्या मांडीशी. त्यांचा उजवा हात ताटाकडे गेला, ताटाच्या अलीकडे जमिनीवर चाचपडला, पलीकडे गेला आणि पाण्याच्या गडव्याला लागला. गडवा कलंडला. आई पदराने पुसायला इतकी चटकन पुढे आली, की हे रोजचं आहे हे मला कळून चुकलं.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. नजर कडेकडेने गेलीय. मधलं शेवटपर्यंत राहील. थेंब घातले तर जाण्याचा वेग कमी होईल, पण गेलेली परत येणार नाही. गाडी बंद करा.

"डॉक्टर काय बी बोलायलाय," बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले. "मला लिंग लख्ख दिसायलंय रोज. त्याच्यात पडलेली दिव्याची ज्योत बी दिसायलीय."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण मला रडू येत होतं. कित्येक वर्षं ते आपले डोळे असे तपासत आले होते. लिंग दिसलं, म्हणजे डोळे शाबूत. काचबिंदूकडून फसवून घ्यायची याहून खात्रीची रीत दुसरी नसेल. जे सगळ्यात शेवटी जाणार होतं, नेमकं त्याच्यावरच ते रोज नजर लावत होते आणि निश्चिंत होऊन चहा घेत होते.

त्यानंतरचा आठवडा आमच्या घरावर उन्हापेक्षा जड गेला. आईने फटफटीची चावी ज्वारीच्या कोठीत खोल पुरून टाकली. अप्पांनी ती मागितली नाही. त्यांनी बोलणंच सोडलं. जेवायला बसायचे, ताटातलं समोरचं तेवढं खायचे, कडेची चटणी तशीच राहायची. आम्ही दोघी त्या चटणीकडे बघत बसायचो. दुपारी वाऱ्याने पत्रे वाजायचे, अप्पा ओसरीवर पत्रिका नाकाशी धरून बसायचे, आणि जिंतूरकडून आलेला माणूस दिसला की विचारायचे, "तोडाय लागले का?" अजून नाही, असं उत्तर आलं की आईचं तोंड उतरायचं. झाडं लवकर पडली तर बरं, म्हणजे ही फेरी टळेल, असं तिला वाटत होतं. मलाही एकदा वाटलं, आणि मग माझीच मला लाज वाटली.

सहाव्या दिवशी अप्पा बोलले.

"झरीपसून शून्याच्या दगडापस्तोर मी चालवतो. तितं चावी तुझ्या हातात देतो. मंग जल्मात मागणार न्हाई."

"आन् मागं माझी पोरगी बसणार," आई म्हणाली. "तुमाला तिची बी फिकीर न्हाई?"

"तिला इचार."

आई माझ्याकडे बघायला लागली. अप्पाही बघत होते, पण त्यांची नजर माझ्या कपाळावर कुठेतरी होती.

मी हो म्हणाले. आजही मला कुणी विचारलं की शहाणीसुरती बाई तू, मास्तरीण तू, हो कशी म्हणालीस, तर मी दोन कारणं सांगते. बैलगाड्या थांबलेल्या असताना त्यांनी मला हँडल दिलं होतं, ते माझ्याच्याने त्यांच्या हातातून ओढून काढवेना. शिवाय मी भित्री आहे, बापाला नाही म्हणायची मला भीती वाटली. दोन्ही खरं आहे. नवऱ्याला मी फोनवर काहीच सांगितलं नाही. चूक केली मी. समोरून एखादं पोर येऊ शकलं असतं.

अटी मात्र मी घातल्या. उजाडता उजाडता निघायचं, रस्त्यावर माणूस कमी असतो. काटा तिसाच्या वर जाता कामा नये. मी मागून दोन्ही बाजूंना बघणार. डावीकडून काही आलं तर डावा खांदा थोपटणार, उजवीकडून आलं तर उजवा. थोपटलं की ब्रेक. अप्पांनी सगळं मान्य केलं. आईने कोठीत कोपरापर्यंत हात घालून चावी काढली आणि ज्वारीसकट अप्पांच्या हातावर ठेवली. आमच्याकडे न बघता आत निघून गेली.

झरी सोडल्यावर पहिली दहा मिनिटं मी फक्त रस्त्याच्या कडा बघत होते. माझे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर होते आणि डोळे भिरभिरत होते. उजवीकडून एक वासरू आलं. मी थोपटलं. अप्पांनी ब्रेक लावला, वासरू गेलं, गाडी पुढे निघाली. डावीकडून सायकलवर दूधवाला आला. थोपटलं. थांबले. हळूहळू लय जमली. हँडलवरचे हात जुने, सरावाचे होते आणि गाडीही अप्पांचीच होती. कुठे खड्डा, कुठे चढ, हे बघावं लागत नव्हतं त्यांना. बुंध्यांवरचे लाल आकडे मागे जात होते. मी ते वाचायचे नाहीत असं ठरवलं होतं आणि एकेक वाचत होते. वर पानांतून ऊन गळायला लागलं होतं. कडुलिंबाच्या मोहराचा कडवट वास सडकभर होता.

"गिरजे," अप्पा ओरडून म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा लागला होता. "ह्या सडकंवर समद्यालाच माझ्यावानी दिसतंय बघ. दोन्हीकून झाडं, मधी उजेड. दुसरं काय बघायचं हाय?"

मला ते पटलं. इतकं पटलं की माझे खांदे सैल पडले. वाटलं, डॉक्टरला काय कळतंय, त्याने ही सडक बघितलीच नसेल.

मग तो वड दिसला. लांबूनच ओळखला मी. बुंध्याशी दगड, त्याच्यामागे टरबुजांचा ढीग लावून बसलेला एक म्हातारा, आणि रस्त्याच्या पलीकडे जिंतूर आठ किलोमीटर सांगणारा हिरवा फलक. मी थोपटलं नाही. दगड हा काही अडथळा नव्हता. तो त्यांनी आपला आपण गाठायचा होता, थांबायचं होतं आणि चावी द्यायची होती. असंच ठरलं होतं.

दगड डावीकडून आला आणि मागे गेला.

गाडी चालूच होती. मला आधी राग आला. शब्द दिला आणि मोडला, बापमाणूस असून लबाडी केली, म्हणजे आता येलदरीपर्यंत हेच हँडल धरणार. रागाने मी बाजूला वाकून आरशात त्यांचं तोंड बघितलं. ते लबाडी करत नव्हते. डोळे बारीक करून, मान किंचित पुढे काढून, ओठांनी झाडं मोजत ते दगड शोधत होते. समोर.

तशी भीती मला परत कधी वाटली नाही. वासराला, सायकलला मी भ्यायले नव्हते एवढी मी त्या मोजणाऱ्या ओठांना भ्यायले.

"अप्पा, थांबा."

"का गं? दगड कुटं आलाय अजून?"

"मागं राह्यला."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. बराच वेळ फटफट चालू होती.

"दिसला व्हता मला," ते म्हणाले. मग चावी फिरवली. सगळीकडे शांत झालं. "न्हाई दिसला," म्हणाले.

गाडी तिथेच लावून आम्ही चालत मागे आलो. त्यांनी माझा दंड धरला होता. घराबाहेर त्यांनी माझा दंड धरल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. दगडापाशी ते उकिडवे बसले आणि त्याच्यावर हात ठेवला. चाळीस वर्षं त्याच्या शेजारून गेलेला माणूस, पण हात कधी लावला नसावा. बोट आकड्याच्या गोलाईवरून फिरत गेलं, फिरत गेलं आणि खाली येऊन थांबलं.

"गिरजे, ह्याला खाली खाच हाय गं."

मी वाकून बघितलं. मातीने भरलेली बारीक खाच होती. वाटोळ्याला खालून चिमटा काढावा तशी. डोळ्यांना ती कधी लागली नव्हती, माझ्याही नाही.

"काय बघायलेत शेठ?" टरबूजवाला म्हातारा म्हणाला.

"ह्ये शून्य असं का हाय म्हणून बघायलोय."

म्हातारा उठून आला. दाढी मेंदीने लाल, डोक्याला ओला गमछा. त्याने वाकून नखाने खाचेतली माती काढली आणि हसला.

"शून्य कुठलं? ये पाँच है, शेठ. उर्दूचा पाच असाच राहतो. सिफर, म्हणजे तुमचं शून्य, तो नुस्ता नुक्ता, ठिपका." त्याने हात जिंतूरकडे केला. "पाच मैल जिंतूर."

मी मान वळवून पलीकडच्या हिरव्या फलकाकडे बघितलं. आठ किलोमीटर. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर हे मी आठवीच्या पोरांकडून घोकून घेते. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या दोन पिढ्या त्या फलकाच्या समोर उभं राहून या आकड्याला शून्य म्हणत आल्या होत्या, त्यात एक गणिताची मास्तरीण होती. अप्पांना आधी हसू आलं. मग मलाही आलं. म्हातारा काही न कळता आमच्यात सामील झाला आणि त्याने एक टरबूज फोडलं.

खाता खाता अप्पा थांबले.

"म्हंजे शून्य आलंच न्हाई अजून," ते म्हणाले.

शब्द शून्यापर्यंतचा होता आणि शून्य पाच मैल पुढे होतं. पुढे झाडं विरळ होणार, गाव जवळ येणार, ट्रक सुरू होणार. ऊनही चढलं होतं. आणि चावी त्यांच्या खिशात होती. पुढेही मीच चालवतो म्हणाले तर नाही म्हणायचं, हे मी त्या क्षणी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणायचं.

त्यांनी धोतराला हात पुसले, खिशातून चावी काढली. माझा डावा हात शोधून उताणा केला आणि तळहाताच्या बरोबर मध्यावर चावी ठेवली. मग आपल्या दोन्ही हातांनी माझी मूठ बंद केली.

"पाच तू चालव," म्हणाले. "शून्य आलं की सांग मला."

फटफटीवर मागे बसायची त्यांना सवयच नव्हती. पाय कुठे ठेवायचे ते कळेना, पाऊल हवेत चाचपडत राहिलं, तेव्हा मी खाली वाकून ते पायटीवर ठेवलं. गाडी सुरू केली. दोन झाडं गेली नसतील, तोच त्यांनी विचारलं, "डाव्या अंगाला काय हाय?"

मी सांगत गेले. डावीकडे चिंच, आकडा घातलेली. उजवीकडे वड, पारंब्या तोडलेल्या. डावीकडे कुणाचं तरी वाळलेलं कापसाचं रान. ते मध्येच मला दुरुस्त करायचे, "तितं चिंच न्हाई, कडूनिंब हाय," आणि बघावं तर खरंच कडुलिंब असायचा. माझ्या दोन्ही खांद्यांवर त्यांचे हात होते. ते थोपटत नव्हते, नुसते होते. जिंतूरची घरं लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "आलं का?"

"न्हाई अजून," मी म्हणाले आणि गाडी तशीच येलदरीच्या रस्त्याला घातली.

झाडं त्याच पावसाळ्यात पडली. दगड कुठे गेला, कुणाला ठाऊक. सडकेचा आता चांगला रुंद, उघडा, तापणारा रस्ता झाला आहे. तिथून जाताना दोन्ही बाजूंचं लांबपर्यंत दिसतं. फटफटी झरीला गोणपाटाखाली उभी आहे आणि तिची चावी माझ्या पर्समध्ये असते. अप्पा आता लिंगपूजा बोटांनी करतात. बेलाचं ताट आई त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवते. चटणीही समोर वाढते.

परवा सुट्टी लागली तशी मी झरीला गेले. दारात गाडी लावली, हेल्मेट काढलं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. ओसरीवर बसल्या बसल्या तोंड माझ्याकडे केलं आणि दर उन्हाळ्यात विचारतात तेच विचारलं.

"किती मैल राह्यले गं, गिरजे?"

मी गणित शिकवते. जाईल तसं कमी होतं, हे मला कळतं.

"पाच, अप्पा," मी म्हणाले.